व्होल्ट, अँपिअर आणि वॅट एकाच स्क्रीनवर : घरगुती प्लग-इन वीजमापकाचे परीक्षण

भिंतीवरचे सॉकेट आणि उपकरणाचा प्लग यांच्या मध्ये बसवायचे, लहानशी स्क्रीन असलेले वीजमापक यंत्र आता सहज मिळू लागले आहे. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन ते साधारण हजार ते दोन हजार रुपयांच्या दरम्यान विकले जाते. एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसणारी ही यंत्रे निरनिराळ्या नावांनी येतात, त्यामुळे येथे कोणत्याही ब्रँडचे नाव न घेता या प्रकाराचे आणि माझ्याकडील सोळा अँपिअर क्षमतेच्या नमुन्याचे परीक्षण करीत आहे. वीजबिल कमी करण्याचे साधन म्हणून या यंत्राची जाहिरात होते. माझ्या मते त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. व्होल्टेज आणि करंट हे दोन आकडे हाती आल्यावर त्यांतून रोध (रेझिस्टन्स) आणि शक्ती (पॉवर, म्हणजे वॅट) केव्हा काढता येते आणि केव्हा येत नाही, हे इतक्या स्वस्तात आणि इतक्या सुरक्षितपणे दाखवणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही.

यंत्राची रचना साधी आहे. मागे तीन पिना, पुढे सॉकेट, वर स्क्रीन आणि खाली तीन-चार बटणे. एक बटण दाबत गेले की व्होल्ट, अँपिअर, वॅट, पॉवर फॅक्टर, फ्रिक्वेन्सी, एकूण युनिट आणि चालू असलेला वेळ असे आकडे क्रमाने येतात. रोधाचा आकडा मात्र कोठेही येत नाही. तो आपणच भागाकार करून काढायचा असतो. माझ्या दृष्टीने ही उणीव नाही. कारण व्होल्टला अँपिअरने भागून येणारा आकडा प्रत्येक उपकरणाच्या बाबतीत रोध असतोच असे नाही, आणि यंत्राने तो छापून दाखवला असता तर निम्म्या वेळा त्याने दिशाभूलच केली असती.

सुरुवात इस्त्रीपासून करणे योग्य, कारण व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे रोध, या ओहमच्या नियमाला ती सर्वांत प्रामाणिक असते. माझ्या इस्त्रीवर १००० वॅट, २३० व्होल्ट असे छापलेले आहे. व्होल्टेजच्या वर्गाला शक्तीने भागले, म्हणजे २३० गुणिले २३० भागिले १०००, की तिच्या कॉइलचा रोध ५२.९ ओहम येतो. यंत्रात लावल्यावर स्क्रीनवर २२६ व्होल्ट, ४.२७ अँपिअर, ९६५ वॅट आणि पॉवर फॅक्टर १.०० (याचा अर्थ पुढे येईल) असे आकडे दिसले. २२६ ला ४.२७ ने भागल्यास ५२.९ ओहम येतात, आणि २२६ ला ४.२७ ने गुणल्यास ९६५ वॅट. छापील आकड्यांवरून काढलेला रोध आणि मोजलेल्या आकड्यांवरून काढलेला रोध असा तंतोतंत जुळला. स्क्रीनवरचे वॅट आणि आपला गुणाकार हेही जुळले. नववी-दहावीच्या विज्ञानात ओहमचा नियम शिकवणाऱ्या शिक्षकांना केवळ एवढ्या एका प्रयोगासाठीही हे यंत्र घेण्यासारखे वाटेल, कारण त्यात उघडी वायर कोठेच हाताळावी लागत नाही. लक्षात ठेवायचे ते इतकेच की इस्त्री तापल्यावर तिचा थर्मोस्टॅट वीज तोडतो, तेव्हा आकडे टिपायचे ते सुरुवातीच्या काळातच.

इस्त्रीच्या या आकड्यांतून निघणारी एक गोष्ट अनेक जाणत्या माणसांनाही चकवते. व्होल्टेज कमी झाले की करंट वाढतो, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. दोन हजार वॅटचा गिझर २१० व्होल्टवर चालला तर करंट किती, असे विचारल्यास बहुतेक जण २००० ला २१० ने भागून साडेनऊ अँपिअर असे उत्तर देतात. ते चूक आहे. गिझरच्या बाबतीत स्थिर असतो तो रोध, शक्ती नव्हे. २३० व्होल्टला २००० वॅट म्हणजे कॉइलचा रोध २६.४५ ओहम, तेव्हा २१० व्होल्टला करंट ७.९४ अँपिअर आणि शक्ती १६६७ वॅट. म्हणजे व्होल्टेज नऊ टक्क्यांनी उतरले, तर शक्ती जवळजवळ सतरा टक्क्यांनी उतरली, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे ०.६१ युनिट ऊर्जा लागते. तिला २३० व्होल्टवर अठरा मिनिटे पुरतात, तर २१० व्होल्टवर बावीस. व्होल्टेज कमी असताना गिझर जास्त वीज खातो ही तक्रार म्हणूनच टिकत नाही. तो वेळ जास्त खातो, युनिट जवळपास तेवढेच. याउलट मोबाइलचा चार्जर किंवा संगणकाचा पॉवर सप्लाय हे आपली शक्ती स्थिर राखण्याचा प्रयत्न करतात, आणि तेथे मात्र व्होल्टेज उतरल्यावर करंट खरोखरच वाढतो. एकच म्हण एका उपकरणाला लागू आणि दुसऱ्याला उलट, हा फरक या यंत्रावर संध्याकाळी व्होल्टेज उतरत असताना आकडे पाहत बसल्यास आपोआप कळतो.

गिझर तपासताना माझ्याकडे २२२ व्होल्ट, ८.३९ अँपिअर आणि १८६३ वॅट असे आकडे आले; रोध २६.४६ ओहम, म्हणजे पुन्हा छापील आकड्याशी सुसंगत. यंत्र स्वतः किती खरे बोलते, हे ताडून पाहण्याची संधीही गिझरनेच दिली. महावितरणच्या डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि प्रति युनिट तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरवरच छापलेले असते. माझ्या मीटरवर ही संख्या ३२०० आहे. घरातील इतर सर्व उपकरणे बंद करून फक्त गिझर चालू ठेवला, तेव्हा शंभर लुकलुकण्यांना साठ सेकंद लागले. हिशोब केला तर ही शक्ती १८७५ वॅट होते. यंत्राच्या आणि मीटरच्या आकड्यांत बारा वॅटचा, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी फरक पडला. घड्याळ अर्धा सेकंद इकडेतिकडे झाले तरी एवढा फरक पडू शकतो, शिवाय मीटरपासून बाथरूमपर्यंतच्या वायरमध्ये थोडी वीज खर्च होतेच. मोठ्या लोडवर, म्हणजे जास्त वीज घेणाऱ्या उपकरणावर, यंत्र विश्वासार्ह आहे, असे मी निःशंकपणे म्हणू शकतो. विकत घेतलेले कोणतेही यंत्र पडताळून पाहण्याची ही पद्धत प्रत्येकाच्या घरात फुकट उपलब्ध आहे, पण माहितीपत्रकात तिचा उल्लेखही नाही.

त्यानंतर जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब लावला. तो आता घरात वापरण्यासारखा राहिलेला नाही, पण अभ्यासासाठी एखादा जपून ठेवावा असे मी सुचवीन. स्क्रीनवर २२८ व्होल्ट, ०.४३ अँपिअर आणि ९८ वॅट दिसले. भागाकार केल्यास रोध सुमारे ५३० ओहम. बल्ब काढून, तो थंड झाल्यावर, मल्टिमीटरने त्याचा रोध मोजला तर तो चाळीस ओहमच्या आसपास भरला. मल्टिमीटरवर विसंबून कोणी व्होल्टेजच्या वर्गाला चाळिसाने भागले, तर उत्तर तेराशे वॅट येईल, आणि शंभर वॅटच्या बल्बसाठी ते हास्यास्पद आहे. येथे मल्टिमीटर चुकलेला नाही, आणि ओहमचा नियमही मोडलेला नाही. टंगस्टनची तार पेटल्यावर अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते आणि तिचा रोध थंड असतानाच्या बारा-तेरा पट होतो. बल्ब लावल्याच्या पहिल्या क्षणी करंट खरोखरच कितीतरी जास्त असतो, आणि जुने बल्ब बहुधा बटण दाबतानाच का उडत, याचे कारण तेच आहे. गिझर आणि इस्त्रीच्या कॉइलसाठी वापरला जाणारा निक्रोम हा मिश्रधातू मात्र तापल्यावरही आपला रोध फारसा बदलत नाही, म्हणून तेथे थंड आणि गरम रोधाचे आकडे जवळजवळ सारखे येतात. रोध मोजायचा तर उपकरण चालू असताना, त्याच्या नेहमीच्या तापमानाला, व्होल्ट आणि अँपिअर यांवरून काढलेला रोधच कामाचा. हे काम मल्टिमीटर एकट्याने, घरातील वायरिंगला हात न लावता, करू शकत नाही; प्लग-इन यंत्र सहज करते.

यापुढे मात्र गणित अवघड होते आणि यंत्राची किंमत खऱ्या अर्थाने वसूल होते ती येथेच. मोबाइलचा चार्जर लावून फोन चार्जिंगला ठेवला, तेव्हा स्क्रीनवर २२९ व्होल्ट आणि ०.११ अँपिअर होते. गुणाकार पंचवीस येतो. वॅटच्या रकान्यात आकडा होता तेरा, आणि पॉवर फॅक्टर ०.५२. जुन्या पद्धतीच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना २२७ व्होल्ट, ०.९२ अँपिअर, गुणाकार जवळजवळ २०९, पण वॅट १३६ आणि पॉवर फॅक्टर ०.६५. इस्त्रीच्या वेळी इतका चोख जुळलेला गुणाकार येथे दीडपट, दुप्पट जास्त का येतो, हे समजून घेतल्याशिवाय व्होल्ट आणि अँपिअर यांवरून शक्ती काढण्याचा विषय पूर्ण होत नाही.

आपल्या घरातील वीज प्रत्यावर्ती आहे. तिचे व्होल्टेज सेकंदाला पन्नास आवर्तने करते, प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येते आणि २३० व्होल्ट म्हटले तरी शिखरावर ते ३२५ व्होल्टपर्यंत चढते. इस्त्रीत करंट या चढउताराच्या पावलावर पाऊल टाकून चालतो. फ्रिजच्या मोटारीतील गुंडाळीमुळे करंट व्होल्टेजच्या थोडा मागे पडतो. आवर्तनाच्या काही भागात तर मोटार घेतलेली ऊर्जा तारेत परत पाठवते. चार्जरची तऱ्हा आणखी निराळी. तो संपूर्ण आवर्तनभर करंट घेत नाही, तर व्होल्टेज शिखराजवळ असतानाच छोट्या झटक्यांत घेतो. अशा वेळी व्होल्ट आणि अँपिअर यांच्या स्क्रीनवरच्या आकड्यांचा गुणाकार केल्यास मिळतात ते व्होल्ट-अँपिअर; प्रत्यक्ष शक्ती, म्हणजे वॅट, मिळवायची तर त्याला पॉवर फॅक्टरने गुणावे लागते. २२७ गुणिले ०.९२ गुणिले ०.६५ केले की १३६ वॅट येतातच. त्याचप्रमाणे २२७ ला ०.९२ ने भागून येणारे २४७ ओहम हा फ्रिजचा रोध नव्हे. मोटारीच्या तारेचा रोध त्याहून पुष्कळ कमी असतो; २४७ हा आकडा तारेचा रोध, गुंडाळीचा चुंबकीय अडथळा आणि फिरणाऱ्या मोटारीचे काम या सर्वांचा एकत्रित परिणाम सांगतो. चार्जरच्या बाबतीत तर २२९ भागिले ०.११ या भागाकारातून येणाऱ्या दोन हजार ओहमना काहीच अर्थ नाही, कारण तेथे व्होल्टेज आणि करंट यांचे नाते प्रत्येक क्षणी बदलत असते.

यंत्र हे वॅट कसे काढते, हे पाहिले तर मौज वाटते. त्याच्या आत एक-दोन मिलिओहम इतक्या अल्प रोधाची धातूची पट्टी असते आणि उपकरणाचा सारा करंट तिच्यातून जातो. एक मिलिओहमच्या पट्टीतून दहा अँपिअर गेले तर तिच्या दोन टोकांत दहा मिलिव्होल्टचा फरक पडतो. तो फरक मोजून, रोध माहीत असल्याने, यंत्र करंट ठरवते. म्हणजे अँपिअर मोजणारे हे यंत्र प्रत्यक्षात अँपिअर मोजतच नाही. ते व्होल्ट मोजते आणि ओहमच्या नियमाने भागाकार करते. मग त्या क्षणीच्या व्होल्टेजला त्या क्षणीच्या करंटने गुणणे, असे सेकंदाला हजारो वेळा करून त्यांची सरासरी घेणे, हे काम आतली चिप करते. ही क्षणोक्षणीच्या गुणाकारांची सरासरी म्हणजेच खरे वॅट. गेओर्ग ओहम याने आपला नियम १८२७ साली प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या काळातल्या विद्युतघटांचे व्होल्टेज इतके हेलकावत असे की त्याला ते बाजूला ठेवून दोन धातूंच्या सांध्यांतील तापमानाच्या फरकावर चालणारा स्थिर स्रोत वापरावा लागला. आपल्या घरच्या व्होल्टेजचे हेलकावे स्क्रीनवर पाहताना त्याच्या अडचणीची कल्पना येते.

घरगुती ग्राहकाला बिल येते ते युनिटचे, म्हणजे किलोवॅट-तासांचे, त्यामुळे फ्रिजचे २०९ व्होल्ट-अँपिअर पाहून घाबरण्याचे कारण नाही. पैसे १३६ वॅटचेच पडतात. मात्र वायरमधून जाणारा करंट पूर्ण ०.९२ अँपिअरच असतो आणि वायर त्याच करंटाने तापते. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना म्हणूनच २०२० पासून किलोव्होल्ट-अँपिअर-तासांप्रमाणे आकारणी लागू झाली. घरात हा फरक भिडतो तो इन्व्हर्टर घेताना. इन्व्हर्टरची क्षमता व्होल्ट-अँपिअरमध्ये छापलेली असते आणि उपकरणांवर वॅट असतात. दोन्ही आकडे एकच समजून खरेदी केली, की वीज गेल्यावर इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवतो. या यंत्रावर प्रत्येक उपकरणाचे व्होल्ट आणि अँपिअर पाहून गुणाकार केला, तर इन्व्हर्टरसाठी लागणारा आकडा थेट मिळतो. मोटार सुरू होतानाचा क्षणिक करंट चालू करंटाच्या कित्येक पट असतो आणि स्क्रीन तो पकडण्याइतकी चपळ नाही, हे ध्यानात ठेवून थोडी वाढीव क्षमता धरावी.

या यंत्राचा मला सर्वांत मोलाचा वाटलेला उपयोग कोणत्याही जाहिरातीत नाही. तो म्हणजे घरातील वायरिंगचा रोध काढणे. सॉकेटमध्ये यंत्र लावून आधी लोड नसताना व्होल्टेज टिपायचे, मग गिझर किंवा केटल लावून पुन्हा टिपायचे. बाथरूमच्या सॉकेटवर लोडशिवाय २२६ आणि गिझर चालू असताना २२२ व्होल्ट होते. चार व्होल्टची घट भागिले ८.३९ अँपिअर म्हणजे बाहेरच्या लाइनपासून सॉकेटपर्यंतच्या संपूर्ण मार्गाचा रोध सुमारे ०.४८ ओहम. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण साडेसात ओहम असतो. मीटरपासून सॉकेट बारा मीटर दूर असेल, तर जाऊन-येऊन चोवीस मीटर वायर, म्हणजे ०.१८ ओहम, उरलेला रोध सर्व्हिस वायर (खांबापासून मीटरपर्यंतची वायर) आणि बाहेरच्या लाइनचा. एकंदर चित्र समाधानकारक.

याच पद्धतीने दीड हजार वॅटची केटल एका एक्स्टेन्शन बोर्डावर लावून पाहिली, तेव्हा व्होल्टेज २२७ वरून २२० वर आले आणि करंट ६.२४ अँपिअर होता. मार्गाचा रोध १.१२ ओहम, म्हणजे बाथरूमच्या सॉकेटच्या दुपटीहून जास्त. बोर्डाची पाच मीटर लांबीची पाऊण चौरस मिलिमीटरची वायर यात पाव ओहमची भर घालते, आणि घर व लाइन यांचे बाथरूमइतकेच ०.४८ ओहम धरले, तरी ०.३९ ओहम उरतात. असा उरलेला रोध बहुधा सैल झालेल्या पिनेत किंवा स्क्रूच्या जोडात असतो. ०.३९ ओहम ही संख्या क्षुल्लक वाटते, पण करंटाच्या वर्गाने गुणल्यावर ती पंधरा वॅट होते, आणि हे पंधरा वॅट नखाएवढ्या जागेत साठतात. एखाद्या लहान सोल्डरिंग आयर्नची ही ताकद आहे. करंट निम्मा केला तर ही उष्णता पाव होते, हे जूल याने १८४१ च्या सुमारास दाखवून दिलेले नाते येथे अगदी व्यवहाराचे ठरते; तोच बोर्ड टीव्ही आणि राउटर यांना वर्षानुवर्षे निर्धोक चालेल आणि केटलखाली वितळेल. अशी शंका आली की बोर्ड बंद करून वायरमनला दाखवावा. ही मोजणी करताना लाइनचे व्होल्टेज आपोआपही बदलत असते, म्हणून लोड लावून-काढून पुन्हा पुन्हा पाहावे आणि जी घट दरवेळी लोडसोबतच येते-जाते तिच्यावरच विश्वास ठेवावा.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत खटकणारी उणीव माहितीपत्रकाची. त्यात व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट एवढेच सूत्र छापले आहे, आणि त्याच पानावर पॉवर फॅक्टरचा रकाना दाखवला आहे. फ्रिज लावल्यावर सूत्र आणि स्क्रीन जुळेना म्हणून यंत्र बिघडले असे समजून एखादा ग्राहक ते परत करील, तर त्याला दोष देता येणार नाही.

दुसरी उणीव लहान लोडची. करंटचा आकडा दोनच दशांश स्थळांपर्यंत दिसतो. ०.०४ अँपिअर असे दिसते तेव्हा खरा करंट ०.०३५ ते ०.०४५ यांत कोठेही असू शकतो; त्यावरून २२९ व्होल्टला भागाकार केला तर उत्तर सुमारे ५१०० ते ६५०० ओहम यांत फिरते, तेव्हा कॅल्क्युलेटरने दिलेले ५७२५ हे चार अंकी उत्तर लिहून ठेवण्यात अर्थ नाही. अर्ध्या वॅटचा रात्रीचा दिवा तर यंत्राला दिसतच नाही. स्टँडबायवरचा टीव्ही किती वीज खातो हे पाहण्यासाठी ते घेणार असाल, तर आकडा अंदाजापुरताच समजावा, किंवा युनिटचा रकाना शून्यावर आणून ते आठवडाभर लावून ठेवावे. फ्रिजसाठीही हीच पद्धत योग्य, कारण कॉम्प्रेसर मधूनमधून बंद होतो आणि एका क्षणाचे वॅट काहीच सांगत नाहीत; माझा फ्रिज चोवीस तासांत १.१ युनिट घेतो, हे असे कळले.

पैशांचा रकाना मी एकदा पाहून सोडून दिला. त्यात प्रति युनिट एकच दर भरता येतो. आपल्याकडचा दर शंभर, तीनशे, पाचशे युनिट अशा टप्प्यांनी चढतो आणि त्यावर स्थिर आकार, वहन आकार आणि वीज शुल्क असते, त्यामुळे हा आकडा बिलाशी कधीच जुळणार नाही. आपले उपकरण बिलाच्या कोणत्या टप्प्यातील युनिट वाढवते ते पाहून हिशोब कागदावर करणे बरे. स्क्रीन भिंतीला समांतर असल्याने खाली, पलंगामागे किंवा ओट्याच्या आड असलेल्या सॉकेटवर ती वाचायला गुडघे टेकावे लागतात. अंधारात उजळणारा दिवाही काही सेकंदांत विझतो. छतावरचा पंखा, ट्यूबलाइट आणि थेट वायरने जोडलेली उपकरणे यांना प्लगच नसल्याने ती या यंत्राच्या कक्षेबाहेर राहतात.

पर्यायांचा विचार करायचा तर मोबाइलवर आकडे दाखवणारे स्मार्ट प्लग सोयीचे आहेत, परंतु त्यांना वायफाय आणि अ‍ॅप लागते आणि व्होल्टेज-करंट वेगवेगळे दाखवण्याची सोय सर्वांत नसते. वायरभोवती चिमटा अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर वायरमनसाठी उत्तम. मात्र साधा क्लॅम्प मीटर केवळ करंट सांगतो, पॉवर फॅक्टर नाही, आणि त्यासाठी फेजची एकटी वायर वेगळी काढावी लागते. दोन्ही वायरी एकत्र पकडल्या तर तो शून्य दाखवतो. चार्जरसारख्या झटक्यांत करंट घेणाऱ्या उपकरणांवर ट्रू आरएमएस (करंटचा चढउतार कसाही असला तरी त्याचे खरे मोजमाप देण्याची सोय) नसलेला क्लॅम्प मीटर चुकीचे आकडेही देतो. मल्टिमीटर हे चांगले साधन असले तरी त्याने घरच्या सॉकेटचा करंट मोजायला जाऊ नये. करंटच्या खाचेत लावलेल्या मल्टिमीटरचा रोध जवळजवळ शून्य असतो. तो सॉकेटमध्ये घालणे म्हणजे फेज आणि न्यूट्रल एकमेकांना जोडणे. ओहमच्या खाचेत ठेवून चालू वीज असलेल्या ठिकाणी त्याची टोके लावणेही धोक्याचेच.

प्लग-इन यंत्र वापरतानाही मर्यादा पाळावी. सोळा अँपिअर म्हणजे २३० व्होल्टला ३६८० वॅट. तीन किलोवॅटचा इन्स्टंट गिझर तेरा अँपिअर घेतो, तो काही मिनिटांच्या मोजणीपुरता चालेल, पण यंत्र तेथे कायमचे ठेवू नये, कारण मध्ये आलेला प्रत्येक जोड हाही एक रोध आहे. तीन गोल पिनांचे, आपल्या सोळा अँपिअरच्या सॉकेटमध्ये घट्ट बसणारे आणि अर्थिंगची पिन पुढे नेणारेच यंत्र घ्यावे. परदेशी दोन पिनांची दहा अँपिअरची यंत्रे अ‍ॅडॉप्टर लावून विकली जातात, ती टाळावीत.

किंमत आणि उपयोग यांचा मेळ घालता मी या यंत्राला पाचपैकी चार गुण देईन. एक गुण माहितीपत्रक आणि लहान लोडवरची ढिलाई यांनी घालवला. विज्ञानाच्या शिक्षकांनी, इन्व्हर्टर घेण्याच्या विचारात असणाऱ्यांनी आणि जुन्या वायरिंगच्या घरात राहणाऱ्यांनी ते घ्यावे; फक्त बिल कमी होईल या आशेने घेणाऱ्यांनी आधी शेजाऱ्याकडून मागून पाहावे. खरेदी शक्यतो दुकानात जाऊन करावी आणि तेथेच, पैसे देण्यापूर्वी, आपला मोबाइल चार्जर यंत्रात लावून फोन चार्जिंगला ठेवावा. वॅटचा आकडा व्होल्ट आणि अँपिअर यांच्या गुणाकाराहून स्पष्टपणे कमी दिसला पाहिजे. दोन्ही आकडे सारखेच आले, किंवा चार्जरवरही पॉवर फॅक्टर १.०० च दिसला, तर ते यंत्र वॅट मोजत नसून नुसता गुणाकार करते आहे असे समजावे आणि दुकानदाराला दुसरे दाखवायला सांगावे.